राजे आले, राजे गेले. नावं कुणाची राहिली?

‘एवढंही जमत नसेल तर हातात बांगड्या भर!’

हे वाक्य आपण घरात ऐकतो, गल्लीत ऐकतो, निवडणुकीच्या सभेतही ऐकतो. मोर्चात एखाद्या साहेबाला बांगड्यांचा आहेर होतो. गंमत म्हणजे तो आहेर घेऊन पुढे बायकाच असतात. आपल्या हातातला दागिना कुणाला तरी शिवी म्हणून दिला जातोय, हे आपल्या ध्यानातच येत नाही.

ही रीत आजकालची नाही बरं का. निदान चौदाशे वर्षांची आहे! इ.स. ६४१ च्या सुमारास ह्युएन त्संग हा चिनी प्रवासी महाराष्ट्रात आला होता. तेव्हा इथं बदामीच्या चालुक्यांचा राजा दुसरा पुलकेशी राज्य करत होता. इथली माणसं साधी पण मानी आहेत, उपकाराला जागतात आणि अपमानाचा सूड घेतात, असं त्यानं लिहून ठेवलं. आणखी एक गोष्टही लिहिली. लढाई हरून आलेल्या सेनापतीला हे लोक शिक्षा करत नाहीत. त्याला बायकांचे कपडे देतात. त्या लाजेनं तो स्वतःच जीव देतो!

म्हणजे राजांच्या जगात ‘बाई’ या शब्दाचा अर्थ हरलेला. मग मैत्रिणींनो, त्या जगात खरोखरच्या बाया कुठे होत्या? काय करत होत्या?

हा प्रश्न पडायला कारण झाली घरातली पोरं. हल्ली कॉलेजातली मुलं मोबाइलवर व्हायकिंग लोकांच्या परदेशी मालिका बघतात. होड्यांतून येऊन लुटालूट करणारे ते दाढीवाले दर्यावर्दी, त्यांच्याशी लढणारे इंग्लंडचे अँग्लो-सॅक्सन राजे, नंतर फ्रान्सच्या किनाऱ्यावरून येऊन सगळंच ताब्यात घेणारे नॉर्मन. मुलांना त्यांची नावं तोंडपाठ असतात. पण त्याच शतकांत आपल्या कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात कोण राज्य करत होतं, असं विचारलं की सगळे गप्प! साताऱ्याचा इतिहास आपल्याला छत्रपतींपासून ठाऊक आणि सांगलीचा पटवर्धनांपासून. त्याआधी जणू नुसतं रान होतं.

रान कुठलं! आपल्या या मुलखावर एकामागून एक राजघराणी आली. आधी बदामीचे चालुक्य. मग त्यांना हटवून राष्ट्रकूट. राष्ट्रकूटांना हटवून कल्याणीचे चालुक्य (हे कल्याण मुंबईजवळचं नव्हे, आज कर्नाटकात बिदर जिल्ह्यात बसवकल्याण आहे ते). त्यांचे मांडलिक म्हणून आपल्या भागात शिलाहार. आणि शिलाहारांना मोडून देवगिरीचे यादव. यातलं बहुतेक कुणी इथल्या मातीतलं नव्हतं. शिलाहार तर स्वतःला ‘तगरपुराचे स्वामी’ म्हणवून घेत. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर. पण राहिले ते कऱ्हाड-कोल्हापूरचे होऊन आणि कोल्हापूरच्या महालक्ष्मीला त्यांनी कुलदैवत मानलं.

तांब्याच्या पत्र्यावरचा सातबारा

हे सगळं आपल्याला कळलं कशावरून? प्रामुख्यानं ताम्रपटांवरून. शेत नांगरताना, घराचा पाया खणताना तांब्याचे जुने पत्रे सापडतात. साधारण तीन पत्रे, एका कडीत ओवलेले, कडीवर राजाची मुद्रा. त्यात काय असतं? राजाच्या वाडवडिलांची थोरवी, मग कुणाला कोणतं गाव किंवा जमीन दिली, तिच्या चारी बाजूंना काय आहे, आणि शेवटी शाप. ही जमीन जो हिसकावून घेईल तो साठ हजार वर्षं घाणीतला किडा होईल, असा! म्हणजे बघा, आजच्या खरेदीखताला चतुःसीमा असते ना, अगदी तशीच. शाप तेवढा आपण काढून टाकला.

साताऱ्याला सापडलेला एक ताम्रपट इ.स. ६१७ च्या सुमाराचा आहे. तो पुलकेशीचा धाकटा भाऊ विष्णुवर्धन याचा. पुढे हाच भाऊ आंध्रात वेंगीला गेला आणि तिथं त्यानं चालुक्यांचं दुसरं घराणं उभं केलं. सांगलीच्या नावानं ओळखला जाणारा ताम्रपट राष्ट्रकूट राजा चौथा गोविंद याचा, इ.स. ९३३ चा. कऱ्हाडला सापडलेला ताम्रपट तिसऱ्या कृष्णाचा, इ.स. ९५९ चा. हा कृष्ण तेव्हा होता कुठे? तर थेट तामिळ देशात, मेळपाडीच्या छावणीत. दक्षिणेचा जिंकलेला मुलूख आपल्या माणसांना वाटून देण्यासाठी तो तिथं थांबला होता. आणि तिथं बसून त्यानं कऱ्हाड भागातलं एक गाव एका शैव आचार्यांना दान दिलं.

आता इंग्लंडकडे बघू. १०६६ साली नॉर्मंडीचा विल्यम समुद्र ओलांडून आला, हेस्टिंग्जची लढाई जिंकून राजा झाला. त्यानं इंग्रज सरदारांच्या जमिनी काढून आपल्या नॉर्मन सरदारांना दिल्या. आणि १०८५ च्या नाताळात हुकूम काढला, की राज्यातल्या जमिनीची मोजदाद करा. कुणाची जमीन, किती नांगर, किती गुरं, सारं लिहा. १०८६ साली ही पाहणी झाली. ‘डूम्सडे बुक’ म्हणून ती वही आजही जपून ठेवलेली आहे.

कुठे मेळपाडी, कुठे इंग्लंड! पण जेत्याची रीत एकच. तलवारीनं जमीन घ्यायची आणि लेखणीनं ती पक्की करायची. लढाई एका दिवसाची असते, नोंद हजार वर्षं राहते.

आमची अक्का

ज्या बाईला राज्यात अधिकार होता, तिचं नाव मात्र या नोंदींत आलं.

मिरजेला सापडलेला एक ताम्रपट इ.स. १०२४ चा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा दुसरा जयसिंह कोकण जिंकून आला आणि कोल्हापूरजवळ त्याची छावणी पडली होती, तेव्हाचा. या जयसिंहाची एक बहीण होती, अक्कादेवी. ती नुसती राजाची बहीण म्हणून महालात बसली नाही. किसुकाड नावाच्या प्रांताचा, म्हणजे आजच्या बागलकोट भागातल्या मुलखाचा कारभार तिच्या हाती होता. लेखांत तिला रणात भैरवीसारखी म्हटलंय. इ.स. १०४७ मध्ये तिनं गोकाकच्या किल्ल्याला वेढा घातला होता. गोकाक म्हणजे आपलं धबधब्याचं गोकाक, मिरजेच्या बायका सहलीला जातात ते! तिथं कधी काळी एक बाई सैन्य घेऊन उतरली होती, हे आपल्याला कुणी सांगितलं?

सांगली-मिरजेकडे थोरल्या बहिणीला ‘अक्का’ म्हणतात ना? तो शब्दच कानडीतून आलेला. ‘अण्णा’ही तसाच. आपलं ‘तूप’ कानडी ‘तुप्प’चं भावंड आणि आजीचा अडकित्ताही तिकडचाच. कानडी बोलणाऱ्या राजांची राज्यं शेकडो वर्षांपूर्वी बुडाली. त्यांचे शब्द आपल्या स्वयंपाकघरात अजून नांदताहेत. इंग्लंडातही असंच झालं. नॉर्मन राजे फ्रेंच बोलायचे, म्हणून ताटातल्या मांसाचं ‘मटण’ हे नाव फ्रेंचमधून आलं. पण गोठ्यातल्या मेंढीचं ‘शीप’ हे नाव राबणाऱ्यांच्या इंग्रजीतलंच राहिलं. राजांनी जिंकलं तरी घरातली बोली काही त्यांना पुसता आली नाही. ती कुणी टिकवली असेल, हे मी सांगायला नको.

अक्कादेवीच्या आधी सव्वाशे-दीडशे वर्षं इंग्लंडमध्येही अशीच एक बाई होऊन गेली. एथेलफ्लेड तिचं नाव. आल्फ्रेड राजाची मुलगी. ९११ साली नवरा गेल्यावर मर्सिया या राज्याचा कारभार तिनं हाती घेतला, जागोजाग तटबंदीची गावं वसवली आणि ९१७ मध्ये व्हायकिंगांकडून डर्बी जिंकून घेतलं. ९१८ साली ती वारली. पण हिच्याबद्दल तिच्या भावाच्या दरबारी बखरीत फार थोडं लिहिलेलं आहे. का, ते ओळखा! बहिणीनं राज्य केलं हे मान्य करायला भाऊ सहज तयार होत नाही, हे तेव्हापासूनचं.

कऱ्हाडची राजकन्या

आता आपल्या कऱ्हाडची गोष्ट. कऱ्हाडचं जुनं नाव करहाट. इथल्या शिलाहार राजाची मुलगी चंद्रलेखा. तिचं स्वयंवर कऱ्हाडला झालं आणि देशोदेशीच्या राजांना मागं सारून तिनं कल्याणीच्या सहाव्या विक्रमादित्याच्या गळ्यात माळ घातली, असं बिल्हण कवी सांगतो. हा बिल्हण मूळचा काश्मीरचा. फिरत फिरत कल्याणीला आला, विक्रमादित्यानं त्याला ‘विद्यापती’ केलं आणि त्यानं राजावर ‘विक्रमांकदेवचरित’ हे अठरा सर्गांचं काव्य लिहिलं. विक्रमादित्य १०७६ साली, थोरल्या भावाला गादीवरून दूर करून, राजा झाला. म्हणजे आपल्या कऱ्हाडची ही सोयरीक आणि इंग्लंडमधलं विल्यमचं राज्य एकाच काळातलं.

काव्यात चंद्रलेखेचं वर्णन भरपूर आहे. पायाच्या नखापासून केसांपर्यंत ती किती सुंदर, हे कवीनं हौसेनं लिहिलंय. पण त्या लग्नामागचं राजकारण आपण ओळखू शकतो. भावाला हटवून बसलेल्या राजाला भरवशाचे मांडलिक हवे होते आणि कऱ्हाडचे शिलाहार त्याचे सासरे झाले. लेकीच्या लग्नातून दोन घरं बांधली जातात, हे आपल्याला काही नवीन नाही.

काव्य बाजूला ठेवून शिलालेख बघितले की चित्र बदलतं. विक्रमादित्याच्या राण्या कारभार करताना दिसतात. त्याची पट्टराणी लक्ष्मादेवी अठरा अग्रहारांचा, म्हणजे दान दिलेल्या गावांचा, कारभार पाहत होती. कवीनं रूप लिहिलं, दगडानं काम लिहिलं!

याच्या उलट गोष्ट इंग्लंडच्या एम्मा राणीची. ही नॉर्मंडीची मुलगी. १००२ साली तिचं लग्न इंग्लंडच्या राजाशी झालं. तो वारला, डॅनिश राजा कनूटनं देश जिंकला आणि १०१७ साली एम्माचं लग्न त्या जेत्याशीच झालं. गादीबरोबर राणीही! पुढे तिचा भाचेनातू विल्यम याच नात्याचा दाखला देऊन इंग्लंडवर हक्क सांगू लागला. पण एम्मानं एक शहाणपणा केला. स्वतः पैसे देऊन आपल्या बाजूचा इतिहास लॅटिनमध्ये लिहून घेतला. तो ग्रंथ आजही आहे. आपली चंद्रलेखा काय म्हणाली असती, ते मात्र आपल्याला कधीच कळणार नाही.

तळं, किल्ले आणि गावकुसाबाहेरचे दगड

सगळेच राजे नुसते लढत नव्हते. शिलाहार गंडरादित्यानं मिरजेच्या मुलखात इरुकुडी गावी मोठं तळं बांधलं, ‘गंडसमुद्र’ नावाचं. त्याच्या काठावर त्यानं शंकर, बुद्ध आणि जिन अशा तिघांची स्थापना केली आणि तिघांनाही जमिनी दिल्या. बाराव्या शतकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. दुष्काळी पट्ट्यातल्या बाईला विचारा, डोक्यावरून पाणी वाहणारीला लढाई जिंकणारा राजा मोठा वाटेल की तळं बांधणारा?

पुढचा शिलाहार राजा दुसरा भोज. पन्हाळा त्याची राजधानी. साताऱ्याचा अजिंक्यतारा, वाईकडचे पांडवगड, वैराटगड, चंदन-वंदन हे किल्ले त्याचेच, असं परंपरा सांगते. पण किल्ल्यांनी राज्य राखलं नाही. इ.स. १२१२ च्या सुमारास यादव राजा सिंघणानं भोजाचा पराभव केला आणि शिलाहार संपले. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात सिंघणाचा लेख आहे. पुढे १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला आणि काही वर्षांत यादवही संपले.

या सगळ्या धामधुमीत साध्या घरची बाई कुठे दिसते? गावाच्या कडेला दिसते. वाई तालुक्यातल्या किकलीला भैरवनाथाच्या देवळात जा. तिथं वीरगळांची रांगच आहे. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा. महाराष्ट्रात अशा वीरगळांच्या सोबतीला ठिकठिकाणी सतीशिळा असते. तिच्यावर काय कोरतात, माहीत आहे? कोपरात वाकलेला एक हात. हातात बांगड्या. बस्स! ना चेहरा, ना नाव. हरलेल्या सेनापतीला लाजवायला बाईचे कपडे आणि मेलेल्या वीराबरोबर जळायला बाईचा हात.

आणखी एक दगड असतो, त्याबद्दल बोलायलाही जीभ रेटत नाही. त्याला गद्धेगाळ म्हणतात. दान दिलेली जमीन जो बळकावेल त्याला शाप म्हणून त्यावर गाढव आणि बाई कोरलेली असते. जमीन पुरुषाची, चोरी पुरुषाची आणि शिवी मात्र त्याच्या आईची! शिलाहार-यादवांच्या काळातले हे दगड अजून शेताच्या बांधावर, देवळामागे उभे आहेत. शिव्यांची ती रीत आपल्याकडून अजून गेली आहे का?

परदेशातही वेगळं नव्हतं. विल्यमच्या विजयाची कथा सांगणारं एक भरतकाम आहे, बायो गावचं, साधारण सत्तर मीटर लांब. ते इंग्लंडमधल्या बायकांनी भरलं असावं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच्यात सहाशेहून अधिक माणसं आहेत. मुख्य पट्ट्यात बायका फक्त तीन. एवढे टाके ज्यांनी घातले त्यांच्यापैकी एकीचंही नाव कुठे नाही. आणि त्या डूम्सडे वहीत? तिथं एडिथ राणी आहे, गोडिवा आहे, विल्यमची भाची ज्युडिथ आहे. का आहेत? त्यांच्या नावावर जमीन होती, म्हणून!

इथंच खरी मेख आहे, मैत्रिणींनो. राबणाऱ्या बाईचं नाव इतिहासात येत नाही. जिच्या नावावर काही असतं तिचं येतं.

आणि आपलं नाव?

बचत गटाच्या बैठकीत मी नेहमी विचारते, ‘तुमच्यापैकी कुणाच्या नावावर शेत आहे?’ तीस बायकांत दोन-तीन हात वर होतात. भांगलण आपण करतो, उसाला पाणी रात्रीचं आपण धरतो, म्हशीची धार आपण काढतो. सातबाऱ्यावर नाव मात्र सासऱ्याचं, नवऱ्याचं, दिराचं. एक बाई एकदा म्हणाल्या, ‘माहेरच्या सातबाऱ्यावर माझं नाव लागलं होतं हो. भावानं साडी-चोळी नेसवली, तालुक्याला नेलं आणि हक्कसोडपत्रावर माझी सही घेतली. माझ्या हातानंच मी माझं नाव पुसलं.’ नंतर त्या विधवा झाल्या. सासरी आधार नाही आणि माहेरी तोंड नाही. हे ऐकून सगळी बैठक गप्प झाली होती, कारण निम्म्याजणींची गोष्ट तीच होती.

कायदा आज आपल्या बाजूनं आहे. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रानं १९९४ मध्येच केली. २००५ मध्ये ती देशभर झाली, विवाहित मुलींसाठीसुद्धा. वडील २००५ च्या आधी वारले असले तरी मुलीचा हक्क जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये सांगितलं. नवऱ्यानं अर्ज केला तर बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावण्याची लक्ष्मीमुक्ती योजना १९९२ पासून आहे. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लावणंही महाराष्ट्रात सक्तीचं झालं आहे.

भावाशी भांडा, असं मी म्हणत नाही. माहेर सगळ्यांनाच हवं असतं. पण सही करण्याआधी कागद वाचा, घरी आणा, चार दिवस ठेवा, जाणत्या माणसाला दाखवा. हक्क सोडायचाच असेल तर समजून सोडा, साडीच्या घडीत गुंडाळून नको. आणि घरातल्या पुरुषांनाही एक विचारा, की घराच्या उताऱ्यावर दोघांचं नाव लावायला अडचण कसली?

आता सातबारा मोबाइलवरही बघता येतो. व्हायकिंगांची मालिका संपली की लेकाला किंवा लेकीला म्हणा, ‘बाळा, आपल्या शेताचा उतारा जरा काढ बघू.’ आणि नावांचा रकाना वरपासून खालपर्यंत नीट वाचा. त्यात तुमचं नाव आहे का?